हिरवी पडलेली नळी

शिंपीणबाई मशीनची मोटार घेऊन दुरुस्तीच्या दुकानात उभ्या होत्या. दुसऱ्यांचं बोलणं मापून घ्यायची सवय मेली सुटत नव्हती. पुढे एक नणंद-भावजय.

“वहिनी, एसीच्या नळीची अशी हिरवी चाळण झालीच कशी?”

“खारा वारा, वन्सं. त्यात मी ती मीठ-लिंबाने लख्ख घासलेली.”

“आणि धुतली नाहीस?”

“तुमच्या आईंनी हाक मारली. मग पुन्हा मारली. मग राहूनच गेलं.”

“दमट हवेत मीठ तांब्याला खातंच, ताई,” कारागीर म्हणाला.

“अंथरुणावरच्या आईला हा उकाडा कसा सोसेल? मी नेते माझ्याकडे. नळी बसली की आणून सोडते. किती दिवस, मास्तर?”

“उद्याच बसवतो.”

वहिनी बाकावर टेकली.

“सावकाश करा, दादा. आम्हाला घाई नाही.”