काकूंचा एक तास

व्यायामाच्या स्टुडिओत बाकावर बसून मी बूट बदलत होते. शेजारी एक काका शांत बसले होते. त्यांची बायको काउंटरवरच्या मुलीशी बोलत होती.

"काकू, राग मानू नका. पण काल काका पुन्हा बाहेरून क्लासची काच बडवत होते, तुम्हाला हाका मारत होते."

"मी दिसेनाशी झाले की घाबरतात गं. म्हणून तर मी काचेजवळची जागा धरते."

"बाकीच्या बायका तक्रार करतात. काकांना घरी ठेवून या ना."

"कुणाजवळ? सांभाळायला बाई ठेवली होती, तिला चावले."

"अगं बाई! मग तुम्ही घरीच करा. मी व्हिडिओ पाठवते, व्यायाम तेच असतात."

"व्यायामाचं काय घेऊन बसलीस! घरी दिवसभर मीच सांगत असते, घास गिळा, हात धुवा, झोपा आता. इथं तासभर मला कुणीतरी सांगतं, हात वर घ्या, श्वास सोडा. मी नुसतं ऐकते."

"काकू, माझ्या हातात असतं तर..."

"तुझा काय दोष? काढून टाक माझं नाव."

आत गाणं लागलं. काकू येऊन काकांशेजारी बसल्या.

"अगं, तुझा क्लास सुरू झाला वाटतं."

"हो."

"मग जा की. मी बसतो इथं. अगदी शहाण्यासारखा बसतो."

"आज नको. कंटाळा आलाय."

"असा आळस करून कसं चालेल गं तुझं?"