ठशातली पांढरी जागा

चहा घ्या, मग सांगतो. आमच्या गावात, हितं पलूसकडं, पारावर वीरगळ हाय. म्हंजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड. त्याचा ठसा घ्यायला सांगलीचा माझा दोस्त सुहास आला, चित्रकलेचा मास्तर. ओला कागद दगडावर थापायचा आन् वरनं शाईची पुरचुंडी ठोकायची. उठाव काळा येतो, खोलगट पांढरं ऱ्हातं. घोडा आला, तलवार आली, पर वीराच्या छातीवर निस्ता पांढरा डाग!

"कागद जाड आहे रे," सुहास चिडला. पातळ हातकागद लावला, तरी डाग. पतंगाचा लावला, त्यो तर भिजताच फाटला.

फौजेतनं रिटायर झालेले माझे चुलते बघत हुते. उठले आन् दगडावर त्याच जागी पंजा टेकवला. नेमका बसला.

"कागद कशाला बदलतोस पोरा? भरतीला निघालेला हरएक गडी हितं हात टेकून जातोय. मी टेकला, माझ्या बानं टेकला, त्याच्या बानंबी."

दगडाला हातांनी खळगा पडलेला! माझ्या भावाला भरतीला निघताना असाच हात टेकवताना म्याबी बघितलेलं, पर ध्यानात आलं न्हवतं.

सुहासनं टाकून दिलेला पयला कागद हळूच उचलला.

"गड्या," म्हनला, "एवढ्या माणसांचे हात मी एका कागदावर कधीच छापले नव्हते."