पुण्याची सूनबाई

बिभीषण : पण मावशी, काल संध्याकाळी पीठ बरणीला खुणेसाठी लावलेल्या या रबराच्या दोन बोटं खाली होतं. बुडबुडा नव्हता एक. आणि आज सकाळी बघतो तर बरणी काठोकाठ! एका रात्रीत असं झालं तरी काय?

छबुबाई : सूनबाईला हितलं हवापाणी मानवलं असंल, मास्तर.

बिभीषण : तिला सूनबाई म्हणू नका. ते आंबवण आहे. सावरडो पावाचं, यीस्टऐवजी घालायचं आंबवण.

छबुबाई : पुण्याहून आली. दोन येळा खाती, तेबी काट्यावर मोजून. जरा ऊन तापलं की तोंड पाडून बसती. अन रोज सकाळी निम्मं फेकून द्या म्हंती. मग सून न्हाई तर काय जावई?

तुळजाबाई : जावई फेकीत न्हाई. सगळं खातो.

बिभीषण : हसू नका. रंग बघा हिचा. काल सकाळी पांढरी होती, आज करडी आहे. आणि हे बारीक ठिपके?

छबुबाई : उन्हानं काळवंडली.

बिभीषण : कपाटातल्या बरणीला ऊन लागतं का, मावशी? तुळजाआजी, तुम्ही तरी सांगा.

तुळजाबाई : म्या काय सांगावं? पहिल्या दिशी तूच म्हणलास, पावाच्या वर्गात नातं न्हाई. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू असलास तरी हितं तू मास्तर. मास्तराला बाईनं काय सांगायचं?

बिभीषण : आजी, चार वाजता जिल्ह्याचे साहेब येणार आहेत. पाव फुगला तर ही पाव भाजायची भट्टी तुमच्या बायकांच्या संस्थेला. नाही फुगला तर उद्या ट्रॅक्टरमध्ये टाकून आष्टीच्या संस्थेला. आणि तुम्हाला चेष्टा सुचतेय.

छबुबाई : मला म्हाईत न्हाई व्हय? भट्टी गेली की दसऱ्यानंतर कोयता घिऊन मी उसाच्या फडात. सहा म्हैने पाचटाच्या खोपीत. तुमाला त्या बरणीत रबर दिसतंय मास्तर, मला कोयता दिसायलाय. म्हणून म्हंते, फुगलीय न्हवं? मग गप कणीक भिजवा.

बिभीषण : फुगलंय खरं. पण काय फुगलंय हे कळल्याशिवाय मी ते पिठात घालणार नाही.

छबुबाई : घ्या! काल फुगंना म्हणून रडत व्हते, आज फुगली म्हणून रडायलेत.

बिभीषण : वाटीत पाणी द्या. चमचाभर टाकून बघतो. तरंगलं तर जिवंत... तरंगलं. अगदी बदकासारखं.

तुळजाबाई : झालं तर मग.

बिभीषण : थांबा, वास घेऊ द्या. हा दह्यासारखा वास नाही. हा ओळखीचा आहे. ही तर... मावशी, ही आंबील आहे!

छबुबाई : काय बी बोलता. आंबील प्यायची असती, पावात कोण घालतंय?

बिभीषण : आंबिलीला ज्वारीचं पीठ लागतं आणि हे ठिपके ज्वारीचे आहेत. मी चार दिवस गव्हाशिवाय दुसरं पीठ दिलेलं नाही. वहीत लिहिलंय. सांगा आता. रोज सकाळी जे निम्मं टाकायला सांगत होतो ते कुठे टाकलंत?

छबुबाई : ती वाटी द्या हिकडं, धुवून ठिवते.

बिभीषण : मावशी?

छबुबाई : टाकलं न्हाई.

बिभीषण : म्हणजे?

छबुबाई : अहो म्हंजी काय! जनावरं छावणीत, पाणी टँकरचं, अन चांगलं गव्हाचं पीठ उकिरड्यावर टाकायचं? हात तरी उठंल का कुणाचा? तुमी पाठ फिरवली की आमी वाटून घ्यायचो. माझ्या वाट्याचे मी धपाटे लावले.

बिभीषण : माझ्या प्रयोगाचे धपाटे?

छबुबाई : परवा दुपारी चार खाल्लेत की तुमी. वर म्हणलात, मावशी, काय आंबटसर चव आलीय.

बिभीषण : ते... बरं. आणि आजीच्या वाट्याचं?

तुळजाबाई : माझं मडकं हाय आंबिलीचं. त्यात वतलं. आंबट आंबटात मिसळलं.

बिभीषण : आणि ते मडक्यातलं या बरणीत कसं आलं? ती तर कपाटात होती.

छबुबाई : आता तुमी वरडणार.

बिभीषण : नाही ओरडत.

छबुबाई : वहीवर हात ठिवून सांगा.

बिभीषण : ठेवला.

छबुबाई : काल सकाळी टँकर आला. तुमी म्हणला व्हतात, पाहुणीला स्वच्छ पाणी द्या. आमी घरी परवाचं रांजणातलं पितो, पर म्हणलं, हिला कावून शिळं द्यायचं? पुण्याची हाय. तासभर रांगेत हुबी राह्यले अन पहिल्या घागरीतलं पहिलं भांडं हिला दिलं. दवाखान्यावानी वास मारत व्हतं, इतकं स्वच्छ!

बिभीषण : अरे देवा. टीसीएल!

छबुबाई : काय?

बिभीषण : टँकरमध्ये जंतू मारायची पावडर टाकतात ती. काल टाकणाऱ्याने हात सैल सोडला असणार. पाण्यातले जंतू मारते तशी आंबवणातलेही मारते. रांजणात एक दिवस उघडं ठेवलं की तो वास उडून जातो. तुम्ही पिता ते शिळं पाणी तिला चाललं असतं, मावशी. तुम्ही मान दिलात आणि...

छबुबाई : अन ती मेली. दुपारपस्तोर थंडगार. वर पाणी, खाली लगदा. मी बरणी हलवली, उन्हात ठिवली, सावलीत ठिवली, गूळबी चाटवला. मग पळत आले आजीकडं. आजी म्हणल्या, रडू नको, मडक्यात हाय निम्मी. जुनी काढली, बरणी धुतली, मडक्यातली दोन पळ्या घातली, वरून तुमचं गव्हाचं पीठ अन रांजणातलं पाणी. संध्याकाळी तुमी रबर बघून गेलात तवा ती नुकतीच घातल्याली व्हती.

बिभीषण : हं. दोन पळ्या. पीठ साधारण किती?

छबुबाई : मूठभर.

बिभीषण : कुणाची मूठ? तुमची की आजीची?

छबुबाई : माझी... आता हे काय? लिहून घ्यायलात?

बिभीषण : साधारण पन्नास ग्रॅम. रात्रीचं तापमान एकतीस. बारा तासांत तिप्पट. बापरे, ही तर मूळच्यापेक्षा जोरकस आहे.

छबुबाई : थांब. थांब जरा. आजी, बगा ह्याच्याकडं. ह्यो रागावला कावून न्हाई?

तुळजाबाई : मी तेच बघायले.

छबुबाई : पहिल्या दिशी दोन तास भाषण झालं. अकरा वर्षांचं आंबवण. पुण्याच्या बाईंनी जिवापाड सांभाळलं. ते मोडलं तर पुन्हा मिळायचं न्हाई. अन आज मी सांगितलं मी मारली तिला, तर मास्तर मूठ मोजायलाय!

बिभीषण : शास्त्रात राग येऊन चालत नाही.

तुळजाबाई : बिभीषणा.

बिभीषण : काय, आजी?

तुळजाबाई : वर्ग गेल्या सोमवारी व्हता. तू आठ दिस पुढं ढकललास. ताप म्हणलास. किती व्हता ताप?

बिभीषण : होता... शंभराच्या आसपास.

तुळजाबाई : शंभराच्या किती वर?

छबुबाई : दशांशात सांग. मिठाचं वजन दशांशात सांगतोस.

बिभीषण : नव्हता ताप.

छबुबाई : हां!

बिभीषण : मावशी, मी पुण्याहून यष्टीने आलो. बरणी मांडीवर. सांडायला नको म्हणून झाकण गच्च लावलं होतं. बाहेर बेचाळीस अंश. नगर मागं पडलं आणि ती वायूने अशी काही फुगली, की फाड करून झाकणासकट...

छबुबाई : फुटली?

बिभीषण : उडाली. सगळी शेजारच्या गृहस्थाच्या धोतरावर.

छबुबाई : म्हणून व्हय तू दिसात दहा येळा सांगतोस, झाकण सैल ठेवा, झाकण सैल ठेवा!

बिभीषण : अनुभवाने सांगतो. आणि खरं म्हणजे चमचाभर मिळालं असतं तरी पुन्हा वाढवता आलं असतं. मी चमचा काढला पण होता. पण त्या माणसाला वाटलं, मी धोतराला हात घालतोय. तो तसाच शिव्या देत आष्टीला उतरला.

छबुबाई : आजी, मला धरा. मी पडते.

बिभीषण : हसा. पुण्याला परत गेलो असतो तर माझं पहिलंच काम हातचं गेलं असतं. मग लिंबागणेशला घरी गेलो. आमच्या आजीच्या आंबिलीच्या मडक्यातली दोन पळ्या घेतली आणि सात दिवस गव्हाचं पीठ घालून घालून पांढरी केली. तीच इथे आणली.

छबुबाई : म्हंजी मी जिला पहिल्या घागरीचा मान दिला ती पुण्याची न्हाईच?

बिभीषण : ती यष्टीतच गेली.

छबुबाई : अन चार दिस आमी पाव शिकायलो का आंबील?

बिभीषण : जंतू तेच करतात, मावशी. पीठ खातात, वायू सोडतात, पाव फुगतो. त्यांना कुठे माहीत, आपण पुण्याचे की लिंबागणेशचे. पण मी खोटं बोललो, ते खरं.

छबुबाई : तू खोटं बोलला, आमी खोटं बोललो. फिटंफाट. आता ते पातेलं हिकडं घे. चारला साहेब हाय.

बिभीषण : हात धुवा. आणि मळायचं नाही. ओढायचं आणि घडी घालायची. चार बाजूंनी चार घड्या, मग झाकून अर्धा तास थांबायचं. असं तीनदा.

छबुबाई : थांबायचंच जास्त शिकीवलंस तू. अर्ध्या तासात मी इस भाकरी थापते.

बिभीषण : मावशी, थापू नका! आतला वायू जातो.

छबुबाई : हाताला सवय हाय रे. पीठ दिसलं की हात आपला आपण उठतो.

बिभीषण : म्हणून सांगतो, ओल्या हाताने, हळू.

तुळजाबाई : तान्ह्याला घेतल्यावानी घे. मानंखाली हात घाल.

बिभीषण : हो! हे वहीत लिहायला हवं. पुण्यात पाच तास लागले असते. इथल्या उन्हात अडीच-तीन तासांत होईल. दुष्काळाचा एवढा तरी फायदा.

(साहेब दोन तुकडे खाऊन आणि तिसरा रुमालात बांधून घेऊन गेल्यावर.)

छबुबाई : गेली का गाडी?

बिभीषण : वळली पाटोद्याकडे.

छबुबाई : मग आता मोठ्यानं बोलते. भट्टी राह्यली! आजी, भट्टी राह्यली! कोयता माळ्यावर!

तुळजाबाई : ऐकलं. बहिरी न्हाई मी. साहेबानं पाव उलटा करून बोटानं वाजवला, तवाच म्या वळखलं. डेरा वाजावा तसा वाजला.

छबुबाई : अन काय म्हणले, पुण्याचं आंबवण तुमच्या मातीत छान रुजलं! मला हसू दाबता दाबता ठसका लागला.

बिभीषण : मला घाम फुटला होता. निम्मी बरणी आष्टीच्या संस्थेलाही पाठवा म्हणाले.

छबुबाई : आष्टीला तर पहिलीच गेलीय की. धोतरावरून.

बिभीषण : मावशी, चेष्टा पुरे. मी आज पत्र लिहून साहेबांना सगळं कळवणार आहे.

छबुबाई : काय? अरे, भट्टी नेतील उचलून!

बिभीषण : नाही नेणार. अट पाव फुगण्याची होती, पुण्याची नव्हती. कागद वाचलाय मी. आणि त्यांनी सही केलीय.

छबुबाई : सही झाल्यावर शानपण सुचलं का तुला?

बिभीषण : सही व्हायच्या आधी सांगायला तेवढा शूर नाही मी. पण वहीत खोटं राहू देणार नाही. हा रकाना बघा, आंबवणाचं मूळ ठिकाण. पुणे खोडलं. लिहितो, लिंबागणेश.

तुळजाबाई : तेबी खोड.

बिभीषण : का, आजी?

तुळजाबाई : पहिल्या दिशी तू बरणी उघडलीस अन नाकाखाली धरलीस माझ्या. म्हणलास, घ्या वास, असा वास तुमी कधी घेतला नसंल.

बिभीषण : मग?

तुळजाबाई : म्या तवाच वळखली. गप बसले. म्हणलं, बघू मास्तर किती दिस टिकतोय.

छबुबाई : तुमी पहिल्यापासनं जाणून व्हतात? अन मी तासभर टँकरच्या रांगेत!

तुळजाबाई : ऐक. तुझ्या आजीचं, साखराचं लगीन झालं ते बहात्तरच्या दुष्काळात. खडी फोडायच्या कामावर व्हतो आमी सगळे. धाकट्या बहिणीला द्यायला घरात भांडं न्हाई, लुगडं न्हाई. मग आमचं आंबिलीचं मडकं व्हतं, त्यातली थोडी आमाला काढून घेतली, बाकी तळाला ठिवून मडकंच तिच्या वटीत दिलं. म्हणलं, घासू नको, मोडू देऊ नको. मडकं फुटायला आलं तर आधी नव्याला जुन्यातलं लाव. सासरी काय नसलं तरी वाटीभर आंबील तरी व्हईल तुजी.

बिभीषण : आमच्या आजीचं मडकं... ते तुमचं?

तुळजाबाई : आमच्या आईचं.

बिभीषण : म्हणजे लिंबागणेशचं इथे आलं, तुम्ही मडक्यात ओतलं, बरणीतलं मेलं, मडक्यातलं परत बरणीत... आजी, मग मूळ ठिकाण काय लिहू मी?

छबुबाई : अगं बया. अन मी तिला चार दिस सूनबाई सूनबाई म्हणायले.

तुळजाबाई : म्हणून तोंड पाडून बसली व्हती. ती बरणी दे हिकडं, मूठभर पीठ घालते. अन झाकण सैल ठिव गं. लेक हाय घरची.