एका एंटरात एक्केचाळीस लग्नं

...अन् मॅडम काय म्हणल्या? ‘फक्त एक एंटर, हनुमानभाऊ!’ एक एंटर! तुमाला सांगतो, हिंगोलीत वीस वर्षं झाली लग्नाची शूटिंग करून राहिलो, पण असा एंटर जिंदगीत मारला न्हाई!

व्हय, ऐका तर. दोन हजार सहाची गोष्ट. घरोघर सीडी प्लेअर आलेले, जुन्या कॅसेटीला बुरशी लागलेली, जो तो दुकानात येऊन, ‘आमच्या लग्नाची सीडी करून द्या!’ कंप्युटरात उतरवून बुरशीच्या कॅसेटी फेकलेल्या, अशी लग्नं एक्केचाळीस, सीडीसाठी एकेक फाइल बदलाया दोन-दोन तास, अन् दर खेपेला म्या शेजारी बसून बटनं दाबायची... त्यात लाइट गुल! कवा व्हायचं हो? मंग वरच्या मजल्यावर कंप्युटर क्लास चालवणाऱ्या सीमा मॅडम आल्या. स्क्रीनवर एक काळी खिडकी उघडली, तिच्यात चार ओळी लिवल्या अन् म्हणल्या, ‘आता सगळ्या फाइली एकामागं एक आपोआप बदलतील. बदलली की जुनी पुसू का? जागा होईल.’ म्हणलं पुसा! बिनधास्त पुसा! आनंदच तेवढा झालेला!

मारला एंटर. आहाहा! काय पळून राहिल्या ओळी! शेजारच्या गोपीचंद टेलरला वरडून बोलावलं, ‘या, पाहा, इथं लग्नं लागून राहिलीत, ना भटजी ना बँड!’ त्यानं तर त्या काळ्या खिडकीला हातच जोडले. चार दिवस जनरेटर घरघरला, ओळी थांबल्या, फोल्डर उघडतो तर... नऊ फाइली. नऊ! बाकीची बत्तीस लग्नं गेली कुठं?

मॅडमला बोलावलं. ‘भाऊ, फाइलींना नावं काय दिली होती?’ म्हणलं, मुहूर्ताची तारीख, दुसरं काय? ‘अहो, पण एका तारखेला दोन लग्नं असली तर...’ दोन? मॅडम, आपल्याकडं मुहूर्त निघाला की एका दिवसात पाच मांडव! माझे पाच कॅमेरावाले, पाच फोल्डर, फाइलीचं नाव मात्र एकच! अन् नव्या फाइली पडल्या सगळ्या एकाच फोल्डरात. त्याच नावाची दुसरी आली की पहिली खल्लास! फक्त एक एंटर!

तेवढ्यात दारात कोण? नरसी गावचे व्यंकटराव! ‘हनुमान, आमच्या कोमलच्या लग्नाची सीडी दे बाबा. उद्या आईचं वर्षश्राद्ध हाय. एकदा तिचा आवाज ऐकायचाय.’ आई म्हंजे गोजरबाई. अन् नातीचं लग्न तर गेलेलं! म्हणलं, बसा, चहा घ्या, अन् उरलेली नऊ लग्नं धडाधड पाहाया लागलो. काय सांगू! पहिल्याच लग्नात, पंगतीत, गोजरबाई! दुसऱ्यात गोजरबाई! म्हातारीनं पंचक्रोशीतलं एक लग्न सोडलेलं न्हाई! नऊपैकी आठांत ती हाय. नवव्यात न्हाई, काहून? त्या तारखेला ती नातीच्या मांडवात होती... अन् तेच मी पुसलेलं!

तिसऱ्या लग्नात तर ती बोललीबी. वाढप्याला म्हणते, ‘ए लेकरा, बुंदी काहून आखडून राहिला? तुझ्या घरची हाय का? वाढ!’ व्यंकटरावांच्या हातातली कपबशी तशीच राहिली. ‘आई...’ म्हणले अन् ढसाढसा रडाया लागले. माझेबी डोळे भरले, खरं सांगतो. पाया पडून सगळं कबूल केलं. तर म्हणतात कसे, ‘जाऊ दे. लग्न कुणाचंबी असो, आई माझीच हाय.’

आठही लग्नांतली गोजरबाई एका सीडीत भरून दिली. श्राद्धाला साऱ्या गावानं बसून पाहिलं म्हणे. म्हणलं, चला, सुटलो! अन् संध्याकाळी फोन. कोमल!

‘काका, आजी बराबर हाय. पण सीडीत नवऱ्या आठ हायत, अन् त्यातली एकबी मी न्हाई! मी कुठं गेले, काका?’

म्हणलं, पोरी... फक्त एक एंटर मारला.