सुप्रीताची बोलकी पेटी

...ते सगळं खरं हो, पण घरच्या पोरीला नावं ठेवायची तरी कशी, सांगा ना! सुप्रीता म्हणजे माझी सख्खी भाची, इंजिनियर. तिनं औषधाची बोलकी पेटी केली. गोळीची वेळ झाली की कोकलते, 'औषध घ्या! औषध घ्या!' झाकण उघडेपर्यंत थांबायचं नाव नाही! ही पेटी वरुणेकडच्या खेड्यांतल्या तीनशे घरांत जायची, पण त्याआधी सहा आठवडे आमच्याकडे, इथे शहरात, सरस्वतीपुरमला. का? तर तिच्या ऑफिसचा नियम... ज्यांच्यासाठी वस्तू, त्यांनाच आधी विचारायचं, कुणाला काय त्रास होईल ते शोधायचं, मगच बाहेर काढायची. नियम सोन्यासारखा! पण विचारायचं कुणाला? तर आमच्या जमुनाबाईंना, म्हणजे आमच्या हिलाच!

दर शनिवारी पोरगी फॉर्म घेऊन हजर. 'मामी, खरं सांग हं, काय चुकतंय?' मामी म्हणते, 'अय्यो, काय चुकायचंय गं? छान आहे! आधी बिसिबेळे भात खा.' पोरगी भात खाते, 'तक्रार नाही' लिहिते, जाते. मी तोंड उघडलं की टेबलाखालून माझा पाय चेपला जातो. 'सुम्ने, गप्प बसा हो, पोर दमून आलीय!' घरच्या पोरीला नावं कशी ठेवायची?

आणि आली निर्जळी एकादशी! एरवीच्या उपासाला हिच्या पोटात दूध-केळं तरी जातं, त्या दिवशी पाण्याचा थेंब नाही. हिची मधुमेहाची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, डॉक्टरांनी शंभरदा बजावलेलं. पण पेटी कोकलली. मी म्हटलं, कोकलू दे! तर म्हणते, 'पोरीनं एवढी खपून केलीय, तिचा शब्द कसा मोडू?' घेतली की हो गोळी, देवाच्या तीर्थाबरोबर! तासाभरात घामाघूम, हात थरथरतायत, जीभ अडखळतेय... एका हातानं साखरपाणी पाजतोय, दुसऱ्या हातानं डॉक्टरांना फोन!

सुप्रीता धावत आली. जरा हुशारी आल्यावर ही काय म्हणाली असेल? 'पेटी छान आहे गं, मीच चुकले!' तेव्हा मात्र मी ओरडलो. 'सुप्रीता, लिही! तुझी पेटी उपाशी माणसाला गोळी घ्यायला लावते! वरुणेतल्या माम्यांपाशी साखरपाणी घेऊन कोण उभं राहणार?' पोरगी रडली. मीही रडलो, लपवू कशाला? पण गुणाची पोर! तिथूनच फोन करून तिनं सगळ्या पेट्या थांबवल्या.

आता नवी पेटी आधी विचारते, 'ऊटा आयता? जेवण झालं का?' नाही म्हटलं की गोळीचं नाव काढत नाही, 'डॉक्टरांना विचारा' म्हणते. आणि आमची ही तिला म्हणते, 'झालं गं बाई, तू जेवलीस का?' मग काय, पेटीला सगळ्या गल्लीच्या बातम्या! काल दीड वाजला तरी मी रिकाम्या ताटापुढे बसलेलो. शेवटी पेटीजवळ गेलो आणि म्हटलं, 'बाई गं, माझं व्हायचंय अजून!'