बत्तीस दातांची भिंत

...आता तुम्हीच सांगा, भिंत कोणाची? माझी! इतवारीत भांड्याचं दुकान माझं, दुकानावर घर माझं, घराची रस्त्याकडची भिंत माझी, अन् तिले चुना लावाची परवानगी मी मागू कोणाले, तर मुंबईच्या दंतमंजनवाल्याले. काहून? तर माझं खातं बंद झालं म्हणे. भिंतीचं खातं असते काय कुठं? असते बापा. मी मारोतराव, भिंत नंबर दोनशे सतरा, मलेच विचारा.

झालं असं, मंजन कंपनीचा इथला एजंट ताराचंद, जरीपटका वस्तीतला, तो दुकानात चहा पिता पिता म्हणे, "मारोतराव, भिंत खाली पडी है, जाहिरात लगा लो." योजना अशी, कंपनी भिंतीवर जाहिरात रंगवणार, खाली नंबर टाकणार, वाचणाऱ्यानं तो नंबर पोस्टकार्डावर लिहून धाडला की त्याले मंजनाची पुडी फुकट. अन् अशी शंभर कार्डं गेली की घराचा अख्खा दर्शनी भाग कंपनी रंगवून देणार. आता माझ्या चारुशीलाचं लग्न वैशाखात, मांडव त्याच भिंतीपुढं... कोणता बाप नाही म्हणन?

पेंटर आला. हसऱ्या बाईचा चेहरा काढाचा होता, अन् यानं सुरुवात केली दातापासून! म्हटलं, काहून गा, माणूस डोळ्यापासून काढतेत नं? तर म्हणे कंपनीचा हुकूम आहे, आधी माल. दात झाले, मंजनाचं नाव झालं, नंबर झाला, बाकी बाई दुसऱ्या खेपेले, असं म्हणून गडी गेला तो गेलाच.

महिनाभरात कार्डं गेली तीन. इतवारीत हातगाडी चुकवता चुकवता माणसाचा जीव जाते, वर मान करून वाचन कोण? मी आपला तोंड पाडून बसलो. तर आमची सुभद्रा म्हणे, "जीवाले काहून लावून घेता? संक्रांत आली नं."

तुम्हाले सांगतो, यंदा हळदीकुंकवाले तिनं वाण दिलं पोस्टकार्डाचं. तिळगूळ घ्या, कार्ड घ्या, इथंच लिहा, भिंत नंबर दोनशे सतरा. शेजारची पार्वतीबाई तर तोंडावर म्हणे, भांडेवाल्याच्या घरी वाटीच्या जागी कार्ड काय वं? पण लिहिलं बिचारीनं. एकशे बारा बाया! अन् सुभद्रा पडली रीतीची, शुभकार्य आहे म्हणून तिनं हरेक कार्डाच्या कोपऱ्याले हळदीकुंकू लावलं. मी शहाणा, सगळा गठ्ठा एका दिवशी एकाच पेटीत टाकून आलो, वरून पेटीले नमस्कारही केला.

आठ दिवसांत पत्र. "आपल्या भिंतीवर अस्वाभाविक मागणी आढळली. सर्व कार्डांवर एकाच प्रकारचे लाल-पिवळे डाग आहेत. खाते बंद."

डाग म्हणे! सौभाग्याले डाग म्हणतेत! अन् भिंत कोणाची? माझी!

मी ट्रंक कॉल लावला. दोन तास बसलो पोस्टात, तेव्हा तिकडून एक गृहस्थ थंडपणानं म्हणे, तुम्ही नियम मोडला. म्हटलं, कोणता? म्हणे, ते सांगता येत नाही, सांगितलं तर तुम्ही तोच चुकवून दुसरा मोडाल. मंग मी पत्र धाडलं, बाया खऱ्या, सह्या खऱ्या, दातही बहुतेकींचे खरे. उत्तर आलं, बंद खात्याच्या पत्राले उत्तर दिलं जात नाही. म्हणजे हे कळवाले उत्तर देतेत! ताराचंदाकडं गेलो, तर तो हात वर करून मोकळा. "मेरे हाथ में क्या है? ऊपर से आता है." वरून कराराचं कलम दाखवते, चौकशी संपेपर्यंत भिंतीले हात लावाचा नाही. चौकशी चालू आहे काय? नाही. काहून? खातं बंद आहे नं!

पुड्या मात्र एकशे बाराही घरी बरोबर पोचल्या.

वैशाख आला. मांडव घालणाऱ्या बिछायतवाल्यानं भिंतीपुढं कनात ताणली, ती पुरली खालच्या सोळा दातांपुरती. वरचे सोळा मोकळे. व्याही गोपाळराव मांडवात शिरले अन् मान वर करून उभेच राहिले... तुम्हाले खरं सांगतो, त्या घडीले मले भुई फाटली तर बरं असं झालं. एकुलती एक पोरगी माझी, अन् तिच्या डोक्यावर हे.

पाठवणीचा फोटो आहे घरी. मी रडून राहिलो, सुभद्रा रडून राहिली, चारुशीलाचे तर डोळेच दिसत नाहीत, अन् वर सोळा दात खदखदा हसून राहिले. परवा जावयाचं पत्र आलं, फोटो झकास आहे, फक्त मागं उभी राहून हसते ती बाई कोण, ते माझ्या आईले कळलं नाही.

काय लिहू? लिहून टाकलं, आमच्या घरचीच आहे. भिंत माझी, मंग दात कोणाचे?