कापलेल्या तारखा

आजोबा: नाही म्हणजे नाही. या पुस्तकाला सुरी लागणार नाही.

मी: अहो आजोबा, फक्त पाठीची शिवण उसवायची आहे. मी काय मांजर कापा म्हणतेय का, एवढा चेहरा करायला?

आजोबा: सोळाव्या वर्षी बांधलंय मी हे. वडील गेले, त्याच महिन्यात. मी तान्हा असताना ते छातीच्या दवाखान्यात दोन वर्षं होते, तिथून त्यांनी आईला लिहिलेली सगळी पत्रं आहेत यात. अजून एक टाका हललेला नाही, बघ.

आत्या: बघ, पण हात धुऊन. लहानपणी आम्हाला शिंक आली तर खोलीबाहेर पळावं लागायचं या पुस्तकापायी.

मी: दोनदा धुतलेत, आत्या. आणि नुसती वाचली नाहीत मी, सगळी पत्रं वहीत उतरवून काढलीत. सुरुवातीला पणजोबांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात वाटायची. आता मला त्यांचं खोडलेलंसुद्धा वाचता येतं.

आजोबा: वाचलीस ना? मग झालं की. उसवायचं कशाला?

मी: कारण तुमचा नियम चुकीचा आहे आणि त्याचा पुरावा या शिवणीत अडकलाय.

आत्या: अगं बाई! थांब, सुई खाली ठेवते. हे हातातलं काम सोडून ऐकण्यासारखं आहे.

आजोबा: कसला नियम?

मी: या दुकानाचा! बायकांनी पानं शिवायची, पुरुषांनी कापायचं आणि पुठ्ठा चढवायचा. मी गेल्या सुट्टीत म्हटलं, मला पुस्तकबांधणीचं सगळं काम शिकवा. तर तुम्ही म्हणालात, मागे आत्याजवळ बस आणि शिव. माझे हात थांबले की दुकानाला कुलूप लावीन, पण रीत मोडायची नाही.

आजोबा: मग? रीत मी नाही पाडली. वडिलांनी आईला पत्रांतून शिवण शिकवली, आणि शेवटी स्पष्ट लिहिलं, पुठ्ठ्याचं काम तू करू नकोस. त्यांचा शब्द आहे तो. त्यांच्या हातचा.

मी: शब्द त्यांचाच आहे. पण तो शेवटी लिहिलेला नाही. अगदी सुरुवातीला लिहिलाय.

आजोबा: शेवटच्या पानांत आहे!

मी: तुमच्या पुस्तकात शेवटी आहे. एक सांगा, बांधताना पत्रं लावलीत कशी?

आजोबा: कशी म्हणजे? लावतात तशी. मोठे कागद पुढे, लहान मागे. नाहीतर मधेच चिटोरं येतं आणि पान उलटताना फाटतं.

मी: तारखांप्रमाणे नाही लावलीत?

आजोबा: तारखा कुठे होत्या त्यांच्यावर?

मी: वरच्या कोपऱ्यात. हे बघा, इथे. आकड्यांचे नुसते पाय उरलेत. आणि इथे या पानावर अर्धी वेलांटी. वरचं सगळं गेलं.

आत्या: बाबा! तारखा कापल्यात तुम्ही?

आजोबा: बोटभरही नाही कापलं. वरची कड वेडीवाकडी होती. वेडीवाकडी कड तशीच ठेवून पुस्तक कोण बांधतं?

मी: कुणीच नाही! तेच तर म्हणतेय. दुसऱ्या कुठल्याही घरात हे झालंच नसतं. कारकुनाने तारखा बघून लावली असती, शिंप्याने चिंधीत गुंडाळून ठेवली असती. आपल्याला मात्र कड दिसली की हात शिवशिवतात.

आत्या: 'आपल्याला' म्हणाली. ऐकलंत ना?

आजोबा: ऐकू येतं मला. तारखा गेल्या तर गेल्या. मग पहिलं कुठलं आणि शेवटचं कुठलं, हे तुला कुणी येऊन सांगितलं?

मी: तेलाने.

आजोबा: काय?

मी: पणजी ही पत्रं कशात ठेवायची?

आजोबा: पत्र्याच्या डब्यात. आलं की वरून टाकायची. त्यात एकदा दिव्याचं तेल सांडलं, म्हणून तर डाग आहेत सगळीकडे. मी टिपकागद लावून दमलो होतो.

मी: बरं झालं निघाले नाहीत! तेल वरून सांडलं म्हणजे सगळ्यांत वरच्या पत्रावर सगळ्यांत मोठा डाग. मग झिरपत झिरपत खाली लहान होत जाणार. आणि वरचं पत्र म्हणजे शेवटी आलेलं. बरोबर?

आजोबा: बोल पुढे.

मी: मी प्रत्येक पानाचा डाग पातळ कागदावर गिरवून घेतला आणि मोठ्यापासून लहानापर्यंत जमिनीवर मांडला. आई म्हणाली, घरात पाय ठेवायला जागा ठेव. तर काय झालं माहितीय? पुस्तकाच्या पुढच्या मोठ्या कागदांवर बशीएवढे डाग. आणि मागच्या छोट्या चिठ्ठ्यांवर? मुगाच्या दाण्याएवढे. म्हणजे चिठ्ठ्या डब्याच्या तळाशी होत्या. त्या आधीच्या! तुमचं पुस्तक जवळजवळ उलटं बांधलंय, आजोबा.

आत्या: उलटं!

मी: सुरुवातीला पणजोबांकडे कागदच नसणार. त्या चिठ्ठ्या औषधांच्या कागदांच्या पाठीवर लिहिल्यात. मग त्यांनी दवाखान्यातली फाटकी पुस्तकं बांधायला घेतली, तेव्हा उरलेले मोठे कागद हाती आले. काम येत गेलं तसा कागद मोठा होत गेला.

आजोबा: तेल कुठून कसं झिरपतं याचा नेम नसतो. वडिलांना काम येतच होतं. आईला तेच शिकवत होते.

मी: मग चिठ्ठ्यांमध्ये सगळे प्रश्नच का आहेत? 'खळ शिजवताना गुठळ्या होतात त्याला काय करावं?' 'पुठ्ठा चढवल्यावर वाकतो तो का?'

आजोबा: परीक्षा घेत होते तिची. शिकवून झाल्यावर घेतात तशी.

मी: आजोबा, मी शाळेत जाते. परीक्षेतला प्रश्न मला झोपेतही ओळखता येतो. परीक्षेतला प्रश्न असं कधीच म्हणत नाही, 'काल चांगला पुठ्ठा वाया गेला, मला फार लाज वाटली, तू लवकर लिही.'

आत्या: असं लिहिलंय?

मी: हो! आणि पुढे, 'तुझ्या वडिलांना करताना तू पाहिलंस, तसंच्या तसं सांग.' म्हणजे शिकवत होती ती पणजी! पणजीचे वडील काय करायचे?

आजोबा: कचेरीत होते. कारकून.

मी: कुणी सांगितलं कारकून?

आजोबा: कचेरीत होते म्हणजे... तिथली दफ्तरं बघायचे.

आत्या: बघायचे की बांधायचे, बाबा?

आजोबा: तू पण सुरू झालीस?

आत्या: मी फक्त विचारतेय. आजीला, तुमच्या आईला, मी एकदा पुठ्ठ्याला खळ लावताना पाहिलं होतं. तुम्ही बाहेरगावी होता. हात असा फिरत होता की मी बघतच राहिले. मला म्हणाली, बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

आजोबा: मला का वाईट वाटेल?

आत्या: ते तिला विचारायचं राहिलं.

मी: मला आणखी एक विचारायचंय, आजोबा. रागावू नका. तुम्ही हे पुस्तक आम्हाला इतक्या वेळा वाचून दाखवलंत, पण दर वेळी अर्ध्यावर मिटता. का?

आजोबा: मागे काही नाही वाचण्यासारखं. खळ, दोरा, पुठ्ठा.

मी: आणि तुम्ही त्यात नाही.

आत्या: अगं, पुरे.

आजोबा: बोलू दे तिला. नाही, मी नाही त्यात. सुरुवातीच्या पत्रांत बघ, ओळी-ओळीला बाळ. बाळाला दात आला का, बाळ उजेडाकडे बघतं का, बाळाचं डोकं सावर. मग कमी कमी होत जातं. शेवटच्या चिठ्ठ्यांत एक शब्द नाही. माणूस फार दिवस लांब राहिला की होतं तसं. घरी आल्यावरही ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. मी सोळाव्या वर्षी हे बांधलं आणि मला वाटलं, चला, कारण तरी कळलं.

मी: आजोबा, तुम्हाला कुणी विसरलं नव्हतं! तुम्ही जन्मालाच आला नव्हतात!

आजोबा: हे तुझं तेल सांगतंय.

मी: तेलावर विश्वास नसेल तर तारीख दाखवते. एक तारीख शाबूत राहिलीय. ही शेवटची चिठ्ठी बघा, 'पुठ्ठ्याचं काम करू नकोस' हीच. हिचा वरचा कोपरा तेव्हा दुमडलेला होता, म्हणून तुमच्या सुरीखाली आलाच नाही. पण तो दुमडलेला कोपरा आत, पाठीकडे आहे, आणि त्याच्यावरून शिवण गेलीय. शिवण काढल्याशिवाय तो उलगडत नाही. मी टाचणीने उचलून पाहिलं, आत शाई दिसते.

आजोबा: टाचणीने? माझ्या पुस्तकात?

मी: हात धुऊन.

आत्या: बाबा, हसू नका, ती अजून डोक्यावर चढेल.

आजोबा: हसत नाहीये मी. समज, उसवलं आणि तारीख माझ्या जन्मानंतरची निघाली. मग?

मी: मग मी आत्याजवळ बसून शिवीन आणि पुन्हा पुठ्ठ्याचं नाव काढणार नाही. पण नंतरची निघणार नाही.

आजोबा: एवढी खात्री?

मी: एवढी.

आजोबा: आण ती बारीक सुरी. तू नाही, मी. ज्याने टाके घातले त्यानेच काढायचे. आणि दिवा जवळ घे.

(आजोबा चष्मा बदलतात. दोरा तुटल्याचा बारीक आवाज येत राहतो.)

आत्या: सावकाश. कागद ठिसूळ झालाय.

आजोबा: मला शिकवू नकोस. हं. सुटला. चिमटा दे. ...वाच तू, माझ्या डोळ्यांना पाणी येतंय, दिवा फार जवळ घेतलास.

मी: तुम्हीच वाचा. अक्षर स्पष्ट आहे.

आजोबा: महिना... आणि साल... थांब. थांब जरा.

आत्या: बाबा?

आजोबा: माझ्या जन्माच्या आधीचं आहे. चांगले तीन-चार महिने आधीचं.

मी: म्हटलं होतं ना! म्हटलं होतं! सॉरी. ओरडत नाही. पण म्हटलं होतं!

आजोबा: आता ती चिठ्ठी वाच. सगळी. मी नेहमी एकच ओळ वाचायचो.

मी: 'तू सांगितलंस तशी खळ पातळ केली, पुठ्ठा आता वाकत नाही. तुझे आभार कसे मानू? पण माझं एक ऐक. पुठ्ठ्याचं काम तू करू नकोस. पुस्तक दाबायचा शिकंजा पिळायला जोर लागतो, तुला आता ते सोसणार नाही. काम आलं तर परत पाठव. मी बरा होऊन आलो की आपण दोघं मिळून करू. तोवर जपून राहा. तुम्ही दोघंही.'

आत्या: दोघंही.

आजोबा: 'तुला आता ते सोसणार नाही'... आम्ही आयुष्यभर त्याचा अर्थ लावला, बाईमाणसाला सोसत नाही. आणि ते... आईला दिवस होते.

मी: म्हणजे चिठ्ठीत तुम्ही आहात, आजोबा. जन्माच्याही आधीपासून.

आत्या: पाणी देऊ?

आजोबा: नको. आई काहीच कशी बोलली नाही? मी पुस्तक बांधून तिच्या हातात दिलं तेव्हा तिने ते उघडून पाहिलं होतं. सगळी पानं चाळली. तिला कळलंच असणार, उलटं आहे. तारखा नाहीत.

आत्या: तुम्ही सोळा वर्षांचे होतात. वडील नुकतेच गेले होते. आणि पहिलंच पुस्तक बांधून आईपुढे उभे राहिलात. कुठल्या तोंडाने सांगणार ती?

आजोबा: काय म्हणाली माहितीय? म्हणाली, 'कड फार सरळ आलीय रे.'

मी: आजोबा, आता रडायला मला येईल, मग हे कोण आवरणार?

आजोबा: आवरायचं काय? नीट बांधायचं. तुझ्या त्या डागांच्या क्रमाने. लहान कागद पुढे येतील, मग फाटणार नाहीत यासाठी प्रत्येकाला पातळ पट्टी जोडावी लागेल. कड कापायची नाही. वेडीवाकडी तर वेडीवाकडी.

मी: आणि पुठ्ठा?

आजोबा: पुठ्ठा तू चढवायचा. पहिला वाकेल. दुसराही वाकेल. रडत बसायचं नाही, खरवडून काढायचा आणि पुन्हा चढवायचा. उद्या शाळा सुटली की सरळ इथे.

मी: आज का नको? आज मला गृहपाठसुद्धा नाही!

आत्या: आहे तिला. इतिहासाचा.

मी: आत्या! हा इतिहासच चाललाय की!

आजोबा: बरं, आजपासून. खळीचं भांडं घे. आणि तू कुठे निघालीस?

आत्या: मागे. माझं शिवण पडलंय तसंच.

आजोबा: तुला कधी शिकावंसं वाटलं नाही? पुढचं काम?

आत्या: केस पांढरे व्हायला आले, बाबा. आता विचारताय.

आजोबा: वाटलं होतं का, ते सांग.

आत्या: रोज.

आजोबा: ते शिवण राहू दे. इकडे ये, या बाजूला. इथे उजेड बरा आहे.